पाच किलोमीटरची पाटी

शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून थोरलीने त्यावर वनउद्यानाचा नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. उद्या आईला घेऊन तळ्याभोवतीच्या फेरीला जायचं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईच्या पायाला पहिल्यांदाच माती लागणार होती.

"सातला निघायचं, आठला फाटकाशी," थोरली बोलत बोलत लिहीत होती. ती औषधाच्या दुकानात कामाला. तिच्या याद्यासुद्धा सकाळी एक, दुपारी एक अशाच उतरायच्या. "दर अर्ध्या तासाला बसायचं. उकडलेली अंडी, ब्रेड, पाणी. छत्री कोण धरणार?"

"कलाकार धरेल की," आई म्हणाली.

कलाकार म्हणजे धाकटा. तो पाट्या रंगवायचा.

"जंगलभर माझ्या लेकाचं अक्षर आहे म्हणतात. पहिल्या पाटीशी मला उभी करून फोटो काढायचा हं. 'तळ्याची फेरी, पाच किलोमीटर.' डॉक्टर पण म्हणाले, पाचपर्यंत खुशाल चाला, त्यापुढे माझं नाव घेऊ नका. जशी काही माझ्यासाठीच आखलीय वाट."

धाकटा खिडकीशी उभा राहून नखातला निळा रंग खरवडत होता. निघत नव्हता, तरी खरवडत होता.

गेल्या वर्षी उद्यानाच्या साहेबांनी त्याच्या हातात दांड्याला लावलेलं मोजायचं चाक दिलं होतं. आधी फेरी मोजा, मग पाटी रंगवा, असं बजावलं होतं. भर दुपार होती. चाक ढकलत तो टेकडीच्या माथ्यावर पोचला तेव्हा आकडा होता अडीच. समोर पलीकडची वाट उतरत झाडीत शिरत होती, तळ्याच्या कडेकडेने कुठे जात होती कोण जाणे. जेवढं आलो तेवढंच परत, असं म्हणून त्याने अडीचाचे पाच केले आणि आल्या वाटेने खाली उतरला. पाटी मात्र देखणी रंगवली.

दोन महिन्यांनी त्याच्या पाट्यांच्या दुकानात एक शिंपी आला. "अहो, तुमचे पाच किलोमीटर आम्हाला साडेसात पडले! मी मधेच दमून बसलो, तर बायको म्हणते, सरकारी पाटी खोटी कशी असेल, तुमचाच दम खोटा." दोघं पोट धरून हसले. धाकटा जरा जास्तच हसला. त्या दिवसापासून तो आकडा त्याच्या मनात कुसळासारखा रुतून बसला होता.

"फेरीच कशाला हवी?" तो आता म्हणाला. "फाटकाजवळ छान बाग आहे. तिथेच बसू."

"बागेत बसायला एवढं गुडघ्याचं ऑपरेशन केलं होय?" थोरलीने मानही वर केली नाही.

"मग माथ्यापर्यंत जाऊ. तिथून परत फिरू."

"अर्ध्यातून परत फिरायला मी काय तू आहे?" आई हसली. "पोहणं अर्धं, तबला अर्धा. मेल्या, पाट्या तेवढ्या पुऱ्या करतोस, म्हणून तर मिरवते मी."

तिने चेष्टा केली होती. धाकट्याच्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढलं.

आईने कपाटावरून दोन वाडगे आणले. एक रिकामा, एक शिवणाच्या बटणांनी भरलेला. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जाऊन यायचं की एक फेरा, फेऱ्याला एक बटण. थोरलीने टेप लावून हिशोब काढून दिला होता: पन्नास बटणं म्हणजे एक किलोमीटर. सहा महिने आई चालत होती. चालताना स्वतःच जुळवलेलं गुणगुणत होती:

चाल माझ्या डाव्या पाया, उजव्याला धीर दे,
तळ्याकाठी बसायाला हातभर तीर दे.

"परवा अडीचशे झाली," ती म्हणाली. "मधे दोनदा बसले, पण झाली. आणि एकही बटण लबाडीचं नाही बरं का. हा फेरा झाला की नाही, अशी शंका आली की बटण परत पहिल्या वाडग्यात. आपल्याच पायांना काय फसवायचं?"

धाकट्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"आई, ते पाच नाहीत."

"काय पाच नाहीत?"

"फेरी. मी अर्धीच मोजली. माथ्यावरून परत आलो आणि दुप्पट करून लिहिलं. साडेसात तरी असेल. मला वर्षभर माहीत आहे."

थोरलीचं पेन थांबलं. "शाब्बास! आणि उद्या तिला भर जंगलात कळलं असतं तेव्हा? खांद्यावर घेणार होतास?"

आई वाडग्यातली बटणं बोटांनी सारखी करत राहिली.

"माझं जाऊ दे," शेवटी ती म्हणाली. "मला आज कळलं. वर्षभर त्या पाटीवर विसंबून जी माणसं गेली, त्यांत माझ्यासारखी कुणी असेल ना रे? लावून दे साहेबांना फोन. इथूनच लाव."

त्याने लावला.

"साहेब, फेरीची पाटी चुकलीय. नाही, रंग नाही उडाला. मी चुकवलीय... खरा आकडा? मला माहीत नाही, साहेब. पलीकडे मी गेलोच नव्हतो." बराच वेळ तो ऐकत राहिला. खाली खाली जात राहिलेली मान त्याने फोन ठेवल्यावरही वर केली नाही.

"काय म्हणाले?"

"आज माणूस नाही. सोमवारी पाटी झाकतो म्हणाले."

"आणि उद्या रविवार. गर्दीचा दिवस." आईने थोरलीकडे वही मागितली, नकाशा स्वतःकडे फिरवला. "सातलाच निघू. कलाकार, तू चाक घेऊन सगळी फेरी चालायची. सगळी. मी खुर्ची टाकून पाटीशी बसते. येईल त्याला सांगते, बाबांनो, हा आकडा धरू नका, माझ्या लेकाने लिहिलाय."

चिडून म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, आणि घडीची खुर्ची माळ्यावरून काढायला त्याला सांगितलं.