टायर बसला तर?

"आणि रस्त्यात टायर बसला तर?"

झालं! त्या घरातली कुठलीही चर्चा या प्रश्नापाशी आली की मान टाकायची.

ती परिचारिका. केस पिकू लागले तरी वॉर्ड सुटला नव्हता. आता दवाखान्याने तिला मनासारखं काम देऊ केलं होतं. गावाबाहेरच्या वस्त्यांत अंथरुणाला खिळलेले रुग्ण होते, त्यांना घरी जाऊन बघायचं. अट एकच, गाडी स्वतः चालवत जायचं. परवाना होता, गाडी दारात होती, हातही साफ होता. सोमवारी होकार कळवायचा होता आणि आज रविवार. नवरा मात्र जेवता जेवता आपलंच घोडं पुढे दामटत होता.

"अहो, टायर काय रोज बसतो का?"

"रोज नाही, एकदाच बसतो. पण नेमका आडरानात! मग बाईमाणसाने काय करायचं? पुरुषाचं काम आहे ते. तू फोन लावणार, मी मीटिंग सोडून धावत येणार. त्यापेक्षा वॉर्ड काय वाईट आहे?"

नवरा दुष्ट नव्हता. त्याला खरोखरच काळजी होती. पण वाचकहो, काळजीच्या नावाखाली आपण घराघरांत किती पाय बांधून ठेवतो, याचा हिशेब कोणी ठेवतं का?

ती ताटं उचलू लागली. तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"माझ्या वडिलांनी मला विचारलं होतं, चेन निघाली तर?"

"कसली चेन, आई?" नवऱ्याने विचारलं.

"सायकलची. शिक्षिका व्हायचं होतं मला. वर्ग लांब भरायचा. वडील म्हणाले, वाटेत चेन निघाली तर कोण बसवून देणार? सायकल भावाला गेली आणि माझं शिकणं राहिलं ते राहिलंच. मग तू शाळेत जायला लागलास. एकदा दारातच तुझ्या सायकलची चेन निघाली. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी बसवली. आठवतं? अरे, तुझं दप्तर खांद्याला लावून होईपर्यंत बसलीसुद्धा! एवढ्याशा कामासाठी माझं आयुष्य अडवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं."

"आई, तो काळ वेगळा होता."

"काळ वेगळा, मग प्रश्न तोच कसा रे?"

सुनेने हातातली ताटं तिथेच ठेवली.

"गाडीची किल्ली द्या."

"आत्ता? कुठे निघालीस?"

"खाली. टायर बसायची वाट कशाला बघू? चांगला टायर काढते आणि स्टेपनी बसवून दाखवते. जमलं तर उद्या होकार. नाही जमलं तर तुमचं खरं. मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

आवारात खुर्ची टाकून सासूबाई बसल्या. सुनेने हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकांना दगड लावले. मग डिकीतून पाना नि जॅक काढला. बरेच दिवस ती मोबाइलवर हेच बघत होती, पंक्चरचा संच नि पंपही आणून ठेवला होता; पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं.

"काय हो वहिनी, गॅरेज काढलंत की काय?" वरच्या मजल्यावरून शेजाऱ्याने विचारलं.

"हो! पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच व्हा!"

नवरा कानकोंडा झाला. "लोक बघतायत. सरक, मी दाखवतो."

त्याने बाह्या सरसावल्या, पुढच्या चाकाशी जॅक लावला आणि गाडी उचलली. चाक हवेत गेलं. मग त्याने नटाला पाना लावून जोर केला, तर पान्याबरोबर अख्खं चाकच फिरलं! पुन्हा जोर, पुन्हा चाक गरगर.

"नट जाम झालेत," तो घाम पुसत म्हणाला.

"जाम नाहीत. चाकाला जमिनीचा आधार नाही. गाडी खाली घ्या. आधी नट सैल करायचे, मग गाडी उचलायची."

"काय रे," सासूबाईंनी विचारलं, "आजवर किती टायर बदललेस तू?"

नवऱ्याने सरसावलेल्या बाह्या पुन्हा खाली केल्या. "म्हणजे... मेकॅनिकला फोन करायचो."

"अगं बाई! म्हणजे पुरुषाचं काम म्हणजे फोन करणं होय!"

शेजारी फिस्सकन हसला. सून हसली नाही. तिने गाडी खाली घेतली, पाना नटावर आडवा बसवला आणि दांड्यावर पाय ठेवून सगळं वजन टाकलं. कट्! नट सुटला. मग दुसरा, मग बाकीचे. गाडी उचलून तिने चाक उतरवलं आणि स्टेपनी बाहेर काढली. बघते तर काय, स्टेपनीतच हवा नव्हती! इतकी वर्षं तिच्या भरवशावर सगळे निर्धास्त होते, आणि एकानेही तिला कधी दाबून पाहिलं नव्हतं. आडरानात टायर बसला असता, तर साहेबही तिथेच बसले असते!

"झालं! आता मेकॅनिकला बोलवावंच लागणार," नवरा पुटपुटला.

"कशाला?" तिने स्टेपनीत पंपाने थोडी हवा भरून साबणाचं पाणी ओतलं. एका जागी बुडबुडे आले. तिथे खिळा होता. पकडीने तो उपटला आणि पंक्चरच्या संचातल्या टोच्याने रबराची वात भोकात घट्ट सारली. पुन्हा पाणी ओतलं. बुडबुडे बंद!

"पंप मी मारतो," नवरा हळूच म्हणाला. बराच वेळ तो हवा भरत होता. मग मान वर न करताच बोलला, "चुकलं माझं. मलाच येत नव्हतं, आणि अडवत होतो तुला."

स्टेपनी बसली. शेवटचा नट आवळायला सासूबाई उठल्या. दोन्ही हातांनी पाना ओढला आणि काळे झालेले तळवे बघत खुर्चीत बसून रडल्या.

सोमवारी होकार गेला. आणि टायर? बसला ना! वस्तीच्या खडीच्या वाटेवर, नेमका आडरानातच. तिचा फोन आला तसा नवरा मीटिंगमधून ताडकन उठला.

"येऊ का?"

"नको हो, बदलला. उशीर होईल म्हणून सांगायला केला. पुढचे आजोबा वाट बघतायत, ठेवते."

तेव्हा वाचकहो, 'टायर बसला तर?' असं लेकीसुनांना जरूर विचारा. पण विचारून गाडीची किल्ली काढून घेऊ नका. हातात पाना द्या!