आबांची शंका

कौसल्यानं चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि ओसरीच्या फरशीवर दोन समांतर रेघा ओढल्या.

"ही रक्ताची नळी, आबा. आता बघा."

धर्मराजबुवांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. दिवाळीच्या सुमारास घनसावंगीकडच्या एका गावी कीर्तन करतानाच त्यांच्या छातीत कळ आली. पांडुरंगानं राखलं, म्हणून दवाखान्यातून घरी आले. पण तेव्हापासून सोनूबाई, त्यांची बायको, त्यांना वाढत नव्हती. रांधायची, ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि आत वळायची. जन्मभर बुवांच्या भाकरीवर तूप सोडलं ते तिनंच. "माझ्याच हातानं झालं," एवढंच ती लेकीजवळ बोलली होती. स्वतःही अर्ध्या भाकरीवरून उठायची. पार वाळून गेली होती.

कौसल्या पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करी. बुवांची पोरगी उंदरं पाळती, एवढंच गावाला ठाऊक.

"आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात, आबा. नळीच्या भिंतीत चरबी शिरली की त्या ती खायला धावतात. खाऊन खाऊन फुगतात, न् तिथंच अडकून पडतात. त्यांचाच ढीग होतो."

"मोसंबीच्या बागेत राखण्या ठेवला, न् त्योच ढेकर देत आडवा झाला म्हण की!"

"बराबर."

"मंग तूप?"

"तुपाचा वाटा हाये, खोटं न्हाई सांगत. पण एकट्या तुपाचं काम न्हाई ते. आम्ही उंदरांचे दोन घोळके केले. दोघांना एकच तेलकट खाणं. एका घोळक्यात त्या पेशी जन्मापासूनच न्हाईत. त्यांच्या नळ्या कमी तुंबल्या. दुसऱ्यांच्या जास्त."

"न्हाई कळलं. पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.

"जरा मोठ्यानं, बाई. वाढणारा हात एकच?"

"एकच."

"खाणं एकच?"

"एकच, आबा."

"तरी एक धड, न् एक आजारी?"

"हो."

"पुन्हा एकदा सांग बरं."

"आबा, तुमचं ध्यान कुठंय?" कौसल्या वैतागली. शेकडो अभंग तोंडपाठ असलेल्या माणसाला उंदरांचे दोन घोळके समजू नयेत?

"ऐकून राह्यलो ना."

पण बुवा रेघांकडे बघतच नव्हते. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. आतला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता.

लहानपणी कौसल्यानं त्यांना विचारलं होतं, कीर्तनात एकच ओळ तुम्ही तीन-तीनदा का घोळवता? तेव्हा बुवा म्हणाले होते, "खांबामागं बाया बसत्यात, बाई. त्यांच्यापस्तोर पोचाय पाहिजे."

तिनं कोळसा खाली ठेवला. दाराकडे किंचित वळून बसली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली,

"एकाच हातचं खाऊन एक आजारी पडतो न् एक पडत न्हाई, आबा. पुष्कळसं ज्याच्या त्याच्या रक्तातच असतं. वाढणाऱ्याच्या माथी मारून कसं चालंल?"

बुवांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर हलकेच ताल धरू लागली.

बऱ्याच वेळानं सोनूबाई दारात आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. फरशीवरच्या रेघा पाहिल्या, मग लेकीकडे पाहिलं.

"त्या उंदरांना खाऊ कोण घालतं गं?"

"मीच, माय."

"आजारी पडणाऱ्यांना बी?"

"त्यांना बी."

सोनूबाई हळूच खाली बसली. लेकीची काळी झालेली बोटं पदरात घेऊन एकेक पुसू लागली.

"मंग तुला बी घास उतरत नसंल," ती म्हणाली. "बस हितंच. दोघांना बी वाढते."