उणे की उजवा

सोनपेठेतील आमच्या गल्लीत शांतता नांदावी की आबा नांदावेत, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा दोन्ही नांदतील असे मी ठामपणे सांगितले, आणि डाख देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, सळई विकत आणली.

आबा म्हणजे माझे वडील, भगवानराव. अलीकडे त्यांना कमी ऐकू येते. तरुणपणी वालूरच्या जलशात ते कोरस धरीत. त्या जलशांची जुनी ध्वनिमुद्रणे दुपारी ते अशा आवाजात लावीत की भिंतीपलीकडे वैजीनाथरावांच्या ताटातले वरण थरथरे. अखेर वैजीनाथराव येऊन बोलले, आणि आबांनी पिशवी भरली.

"रविवारच्या पाथरी गाडीनं मी वालूरला चाललो. तिथं कितीबी मोठ्यानं लावा, ढोरं तक्रार करीत न्हाईत."

वालूरच्या घरी आता त्यांना भाकर करून घालणारे कोणी उरलेले नाही. हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

हेडफोन घरात होते; पण मोबाइलमधून निघालेला आवाज आबांच्या कानी पोचण्याआधीच दम टाकी. सबब त्या दोहोंमध्ये बसेल असा आवाजवर्धक स्वतःच बांधावयाचे मी ठरविले. मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. भाषेच्या माणसाने तारांना हात लावू नये, असे ज्यांचे मत असेल त्यांनी ते सप्रमाण मांडावे. मी वाट पाहीन.

वीजपुरवठा मी निराळ्या डब्यात ठेवला, कारण ट्रान्सफॉर्मर शेजारी असला की त्याची गुणगुण गाण्यात शिरते. त्याची मधली तार शून्य. तेथून एकीकडे अधिक बारा व्होल्ट, दुसरीकडे उणे बारा. डायोडांनी विजेला वळण लावले, कपॅसिटरांनी तिच्या लाटा निवविल्या, रेग्युलेटरांनी तिला मर्यादा शिकविली. चांगल्या गद्याचे तरी याहून वेगळे काय असते? प्रत्येक तारेला मी कागदी निशाण बांधले आणि त्यावर शुद्ध मराठी आद्याक्षर लिहिले.

"अहो, प्लस-मायनस लिहिलं तर वीज रुसंल का?" सुकेशनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, विचारले.

"वीज रुसणार नाही. मी रुसेन."

"तुमी तर काय, वेलांटी चुकली तरी रुसता."

रविवार उजाडला. दुपारी पिशवी उंबऱ्यापाशी आली. तिच्याशेजारी चप्पल घालून आबा. मी शेवटचा डाख दिला, आणि सावधगिरी म्हणून आबांच्या हेडफोनऐवजी माझे जुने इअरफोन जोडून टेबलावर ठेवले. खटका दाबला.

डाव्या कानाचे बोंडूक किंचित खरखरले. उजवे 'फट्' म्हणून उडाले, टेबलावर गिरकी घेऊन आडवे झाले, आणि त्याच्या जाळीतून धुराची एक अत्यंत सुबक रेघ वर निघाली.

सुकेशनी वाकून निशाणे वाचू लागली. "हा 'उ' कशाचा?"

"उजव्याचा."

"आन् हा दुसरा?"

"उण्याचा."

मी ते बोललो, आणि बोलता बोलताच मला ऐकू आले. उणे बारा व्होल्टांची तार मी उजव्या कानाच्या जागी जोडली होती, आणि उजव्या कानाची तार उण्याच्या जागी. सुकेशनी आधी खुर्चीवर बसली, मग जमिनीवर, आणि पदर तोंडात कोंबूनही तिचे हसू आवरेना.

"काय झालं गं?" आबांनी कानाशी हात नेला.

ती त्यांच्या कानाशी ओरडली, "मामा, ह्यांनी उजव्यात उणं घातलं!"

"उणं कशाला? वजा म्हन की, बाबा! आमच्या गुरुजीनं जलमभर वजाच शिकवलं."

"आबा, वजा हा शब्द अरबी आहे," मी मोठ्याने म्हणालो.

"अरबी असू दे न्हाईतर परभणी! वजानं कुनाचा कान जाळला का कवा?"

 मी उण्याच्या निशाणावर 'व' लिहिला, तारा पालटल्या, आवाज वाढविणाऱ्या जळक्या चिपच्या जागी जोडीला आणलेली दुसरी बसविली, मीटर लावून पाहिला. उजवीकडे शून्य, डावीकडे शून्य; आता कानात नुसती वीज शिरणार नव्हती. मग हेडफोन आबांच्या डोक्यावर चढविले आणि बटण हलकेच फिरविले.

आबांनी तळहात वर केला. 

"ढोलकी!" ते गरजले. "सुगत, ढोलकीवर बोट घासलेलं आयकू यायलंय रं!"

खोलीत टाचणीएवढाही आवाज नव्हता, म्हणजे यंत्राचा. कारण कोरस आला, आणि स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या आबांनी तो भर जलशातल्यासारखा उचलला. भांड्यांची मांडणी झणझणली. वैजीनाथराव धावतच आले.

"सर, बारीक करा की ते मशीन!"

"मशीन मुके आहे, वैजीनाथराव. हे आबा."

"मंग ह्यांचं बटन कुठंय?"

आबांनी त्यांना पाहिले, हेडफोन काढले आणि त्यांच्या डोक्यावर घातले. वैजीनाथराव रागाने उभे होते, मग त्यांचा अंगठा मांडीवर ठेका धरू लागला, मग तेच ओरडले, "सर, जरा वाढवा की! लय भारी हाय!" सुकेशनी धावत जाऊन खिडक्या लावू लागली.

तेवढ्यात सडकेवरून पाथरी गाडीचा हॉर्न गेला. तो वैजीनाथरावांना ऐकू आला नाही, आबांनाही नाही. मला मात्र स्पष्ट ऐकू आला, आणि सत्य दडविणे माझ्या स्वभावात नाही. मी आबांच्या कानाशी वाकलो.

"आबा, गाडी गेली."

आबांनी चपला काढल्या आणि पायानेच पिशवी घरात सारली.

"गेली तर गेली. वजा कर ती."