डब्यावरचा चौक

माझ्या पोटात आजही चहाची पूड असते. म्हणून मला जुना म्हणायचे की कामाचा, ते तुम्हीच ठरवा, मित्रांनो. मी पत्र्याचा चौकोनी डबा आहे. झाकण घट्ट बसते. एका कोपऱ्याला पोचा आहे. माझ्या अंगावर एका चौकाचे चित्र होते. ते नीट आहे असे आता म्हणता येत नाही. ते कसे गेले, हे सांगण्यासाठीच आज बोलतो आहे.

डबा जन्माला येतो तेव्हा नुसता सपाट पत्रा असतो. कारखान्यात आधी पत्र्यावर चित्र छापतात. मग पत्रा कापतात, वाकवतात आणि कडा एकमेकींत अडकवून ठोकतात. माझ्यावर आधी पिवळा रंग चढला, मग लाल, मग निळा आणि शेवटी काळा. प्रत्येक रंगानंतर मला भट्टीत भाजले. लाल रंगाच्या वेळी पत्रा केसभर सरकला. त्यामुळे माझ्यावरची प्रत्येक लाल वस्तू आपल्या रेषेतून जराशी बाहेर डोकावत असे. तपासणाऱ्याने मला हातात घेतले, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "चालेल. चहाच ठेवायचाय, तोंड थोडंच बघायचंय." असा मी पास झालो.

त्या चौकातल्या चहापुडीच्या दुकानाला पंचवीस वर्षे झाली होती, म्हणून मालकाने हे डबे करून घेतले होते. एक चित्रकार समोरच्या फुटपाथवर स्टूल टाकून बसला आणि जे दिसले ते त्याने काढले. मधोमध घड्याळाचा मनोरा. उजवीकडे सिनेमाघर, छत्र्यांचे दुकान, बेकरी. डावीकडे फोटो स्टुडिओ आणि कोपऱ्यावर चहाचे दुकान. दुकानाच्या दारात लाल स्वेटर घातलेली एक मुलगी कपाळावर हात धरून मनोऱ्यावरचे घड्याळ बघते आहे. तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होता. तरी ती हसते आहे हे कळायचे.

ती मुलगी त्या दुकानात चहा तोलायची आणि पुडे बांधायची. डबे छापून आले तेव्हा मालकाने चष्मा वर-खाली करून चित्र पाहिले आणि त्याचे तोंड कडू झाले.

"पगार मी देतो, आणि ही दारात उभी राहून घड्याळ बघते. गिऱ्हाईक काय म्हणेल? इथली माणसं सुटायची वाट बघतात म्हणेल."

"खोटं कुठे आहे मालक?" ती म्हणाली. "तुम्ही आत बसून बघता, मी बाहेर येऊन बघते."

मालक हसला. डबे छापून झाले होते, तेव्हा हसण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

चौकात रेडिओ दुरुस्तीचेही एक दुकान होते. पण चित्रकार जिथे बसला होता तिथून ते मनोऱ्यामागे जायचे. म्हणून चित्रात त्याची फक्त अर्धी पाटी आली. तो रेडिओवाला त्या काळात चहा घ्यायला फार वेळा येऊ लागला. दर वेळी थोडीशीच पूड न्यायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा हजर.

"तुमच्या दुकानात चहा माणसं पितात की रेडिओ?" तिने एकदा विचारले.

 त्याने आणखी थोडी पूड मागितली.

त्या दोघांचे लग्न झाले आणि मालकाने पुडीने भरून मला तिच्या हातात दिले. तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. आता मी तिला बाई म्हणेन. बाईंनी मला चुलीपासून दूर, खिडकीच्या बाजूच्या फळीवर जागा दिली. त्या दोन जातींची पूड स्वतः मिसळायच्या. एक रंगासाठी, एक वासासाठी. मापाला चमचा लागत नसे. चिमूट उचलली की चहा बरोबर व्हायचा.

मित्रांनो, माझी निगा राखण्याची त्यांची एक पद्धत होती. रेडिओवाल्याचा सदरा विरला की बाई त्या सदऱ्याच्या पाठीचा मऊ तुकडा कापून ठेवायच्या. त्या कोरड्या तुकड्याने मला हळूच पुसायच्या. पाणी कधीच लावायच्या नाहीत. घरातली बाकी भांडी रोज घासली जायची, माझी पाळी कधी आली नाही. एकदा त्यांची लहान मुलगी मला मोरीत घेऊन बसली. बाई धावत आल्या आणि त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतले.

"त्याला पाणी लावायचं नाही."

"का गं आई?"

"नाही म्हटलं ना."

मुलगी रुसून खेळायला गेली. रेडिओवाला बाहेर पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

घरी पाहुणे आले की माझे कौतुक व्हायचे. कोणी विचारायचे, हा कुठला चौक? मग बाई मला फळीवरून काढायच्या आणि बोट ठेवून एकेक दुकान दाखवायच्या. शेवटी म्हणायच्या, "ही मी. आणि आमचे हे इथे, मनोऱ्यामागे. मी उन्हात उभी, आणि हे सावलीला बसलेले." पाहुणे हसायचे. रेडिओवालाही हसायचा. इतक्या वर्षांत तो या गोष्टीला कधी कंटाळला नाही.

खरा चौक मात्र हळूहळू संपत होता. आधी छत्र्यांचे दुकान बंद झाले. मोडलेली छत्री दुरुस्त करून घेणारे उरले नाहीत. मग सिनेमाघर पडले आणि तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्याच्या काचेत ज्यांचे फोटो लावलेले होते, ती माणसे आपापले फोटो न्यायला आलीच नाहीत. ते फोटो कचऱ्याच्या गाडीत गेले. चहावाला मालक वारला. त्याच्या मुलांनी जागा विकली. रेडिओवाल्याने आपले दुकान स्वतःच्या हाताने बंद केले. रस्ता रुंद करताना मनोरा पाडला, तेव्हा बाई बघायला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला पुसले आणि फळीवर ठेवले. माझ्यासारखे बाकीचे डबे केव्हाच भंगारात गेले होते, आता चौक फक्त माझ्या अंगावर उरला होता.

मग बाई आजारी पडल्या. आजार लांबला नाही. एके सकाळी फळीवरून मला कोणी काढलेच नाही, आणि दुसऱ्या दिवशी काढले ते रेडिओवाल्याने. त्याला माझे झाकण उघडता येईना. उघडले तेव्हा निम्मी पूड ओट्यावर सांडली. बाईंनी मिसळलेली ती शेवटची पूड होती. त्याने ती हाताने गोळा करून परत माझ्यात भरली. त्यात साखरेचे दाणे आले, ओट्यावरची धूळही आली. तीच पूड तो संपेपर्यंत प्यायला. नंतर त्याने दुकानातून तयार पुडा आणला. तो चहा तो अर्धाच प्यायचा.

मला कोणी पुसत नव्हते. फोडणीचा धूर आणि तेलाचा चिकटा माझ्यावर बसत गेला. बाईंचा चेहरा तपकिरी थराखाली गेला.

अशात वाचनालयाने जुन्या चौकाचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. चौकातल्या दुकानांच्या पिशव्या, सिनेमाची तिकिटे, बेकरीचे कागद, डबे, ज्याच्याकडे जे असेल ते आणून द्या, असा निरोप घरोघर गेला. रेडिओवाल्याने वाचनालयातल्या ग्रंथपालांना फोन केला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा वर चढला होता.

"माझ्याकडे चहाच्या दुकानाचा डबा आहे. सगळा चौक आहे त्यावर. आणि माझी बायको आहे."

"म्हणजे फोटो आहे का काका?"

"चित्र आहे. दारात उभी आहे. तुम्ही बघाच."

घरात बाईंचे फोटो होते, पण ते सगळे लग्नानंतरचे. काहींत त्या दमलेल्या आहेत, काहींत डोळे मिटलेले. दुकानाच्या दारातली, घड्याळ बघून हसणारी मुलगी एकट्या माझ्याजवळ होती. लोकांनी तिला पाहावे, इतकेच त्याला हवे होते. ज्या चौकाची सगळे आठवण काढत होते, त्या चौकात ती होती, हे लोकांना दिसावे.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी त्याने मला रिकामे केले आणि गरम पाण्यात बुडवले. मग भांडी घासायची पावडर घेतली आणि तारेची घासणी घेतली. तेल निघू लागले तसा त्याला हुरूप आला. तो गुणगुणत होता. मित्रांनो, या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावले होते की रेडिओच्या काचेला आतून फडके लावू नका, तिथे छापलेले आकडे निघून येतात. छापलेला रंग कसा निघतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण ते दुकानातले ज्ञान होते. स्वयंपाकघरात त्याने कधी हात घातला नव्हता. तिथली वस्तू घासली की स्वच्छ होते, एवढेच त्याने लांबून पाहिले होते.

चहाच्या दुकानाच्या बाजूला चिकटा जास्त होता, म्हणून तिथे त्याने जास्त जोर लावला.

पाणी तांबूस झाले. त्याला वाटले, गंज निघतो आहे. त्याने मला नळाखाली धरले. मनोरा होता. सिनेमाघर फिकट झाले होते, पण होते. अर्धी पाटीसुद्धा होती. चहाच्या दुकानाच्या जागी पांढरा पत्रा चमकत होता.

त्याने मला उलटेपालटे करून पाहिले, जणू ती फिरून दुसऱ्या बाजूला गेली असावी. मग त्याने घासणीकडे पाहिले. तिच्या तारांत लाल कण अडकले होते. ते काढून तो तळहातावर ठेवू लागला. पण पाण्यात त्यांचा नुसता लगदा झाला. नळ चालूच होता.

शब्द दिला होता म्हणून दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन वाचनालयात गेला. ग्रंथपालांनी मला हातात घेतले.

"काका, यात मावशी कुठे आहेत?"

"इथे होती." त्याने पांढऱ्या पत्र्यावर बोट ठेवले. "काल सकाळपर्यंत."

त्यांनी मला टेबलावर ठेवले. "असू दे काका. असा खरवडलेला डबा लोकांना आवडतो. जुना वाटतो."

त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांचे म्हणणे खरेही ठरले. लोकांनी माझे फोटो काढले. एक जण म्हणाला, "असे डबे आता नवे मिळतात, मुद्दाम घासून देतात." टेबलाभोवती गर्दी होती. बेकरीच्या कागदाचा वास घेऊन कोणी डोळे पुसत होते, कोणी छत्रीवाल्याची नक्कल करत होते. रेडिओवाला माझ्याजवळ उभा होता आणि येणाऱ्याला सांगत होता, "इथे चहाचं दुकान. दारात माझी बायको उभी असायची."

सिनेमाघरात तिकिटे फाडणारा एक म्हातारा काठी टेकत आला. चौकातल्या सगळ्यांना तो ओळखायचा. रेडिओवाल्याला त्याला पाहून फार बरे वाटले.

"तुम्हाला तर आठवत असेल. चहाच्या दुकानातली, लाल स्वेटरवाली."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले, विचार केला आणि मान हलवली. "चहाच्या दुकानात बाई नव्हती हो. मालक आणि त्याचा भाऊ, दोघंच असायचे."

"होती. पुडे बांधायची."

"मी रोज तिथूनच जायचो. बाई असती तर दिसली नसती का? तुम्ही बेकरीतल्या मुलीबद्दल बोलताय."

"ती माझी बायको होती."

"असेल बुवा," म्हातारा समजूत घातल्यासारखे म्हणाला. "वय झालं की असं होतं. एकात एक मिसळतं."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. रेडिओवाल्याने मला उचलले आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासमोर धरले. मी काय दाखवणार होतो, मित्रांनो? माझ्यावर जी एकच साक्ष होती ती मोरीतून वाहून गेली होती. त्याचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने मला पिशवीत घातले आणि प्रदर्शन संपायच्या आत तो घरी निघून आला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहते.

"बाबा, कसं झालं प्रदर्शन?"

"चांगलं. गर्दी होती."

"आईला बघितलं लोकांनी?"

"बघितलं ना. विचारत होते, ही कोण म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

त्याने पिशवीत हात घालून मला बाहेर काढले. मग म्हणाला, "सांगितलं."

आता मी फळीवर आहे. पांढरी बाजू त्याने भिंतीकडे केली आहे. घासलेल्या जागी गंज धरू लागला आहे आणि तो थांबणार नाही, हे मला कळते. पत्र्याला एकदा उघडे पाडले की पुढचे काम हवाच करते. मला दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. चित्रकार नाही, कारखाना नाही आणि तो चेहरा कसा होता हे सांगू शकणारा एकच माणूस आहे, ज्याला या वयात सरळ रेघही ओढता येत नाही.

मित्रांनो, मनोरा आणि दुकाने वाचवणे या घराच्या हातात नव्हते. मला वाचवणे होते. तुमच्या घरात कोणीतरी एखादी वस्तू वेगळी हाताळत असेल. उन्हात ठेवत नसेल, दुसऱ्याला देत नसेल, एका ठरावीक फडक्यानेच पुसत असेल. ते का, हे त्या माणसाला विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, चिडले तरी विचारा. आणि कधीतरी ते फडके स्वतःच्या हातात घ्या.

रेडिओवाला आता रोज सकाळी ओट्याशी उभा राहतो आणि मोठ्याने विचारतो, "अगं, सांगितलं का नाहीस?" पाणी उकळून आटते. तो गॅस बंद करतो आणि चहा न करताच बाहेर जाऊन बसतो.