मेंढीच्या पोटातलं पाणी आणि मी

मी एक जुनी चिप आहे. बटाट्याची नव्हे, उगाच तोंडाला पाणी सुटू देऊ नका! बोटभर लांबीची, पारदर्शक, आत केसाएवढ्या बारीक वाटा असलेली. छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत श्रेया नावाच्या संशोधक मुलीनं मला साच्यात ओतून घडवलं.

मित्रांनो, मातीत, शेणात, पोटात सूक्ष्मजीवांची अख्खी वस्ती असते. ते तिथं काय उद्योग करतायत, हे त्यांच्या प्रथिनांवरून कळतं. माझ्या वाटांत ते जीव फुटतात, प्रथिनं बाहेर येतात, धुतली जातात, त्यांचे तुकडे होतात आणि मग मोठं यंत्र ते तुकडे ओळखतं. कौतुक सगळं त्या यंत्राचं! पण थेंबभर नमुन्यात काम भागवावं ते मीच. पुढं श्रेया दुसऱ्या कामात गुंतली आणि मी खणात पडून राहिले. लई वाईट वाटलं.

श्रेयाची आत्या आवडाबाई मेंढ्या घेऊन गंगापूरकडं गेली होती. तिथं मेंढ्यांनी चारा सोडला, दोन दगावल्या. साथ असेल तर कळप ठेवता येणार नव्हता, आणि आत्याचं सगळं घर त्या कळपावर. तिथल्या गुरांच्या डॉक्टरांनी औषध देण्याआधी आजारी मेंढीच्या पोटातलं पाणी काढलं. औषधानं आतले जीव बदलतात, म्हणून नंतर काढून उपयोग नव्हता. त्यात जिवंत जीव आहेत, बर्फात घालून आण, असं श्रेयानं आत्याला फोनवर सांगितलं होतं.

आत्या आली ती बाटली घोंगडीत गुंडाळून, पोटाशी धरून. म्हणाली, "जिवंत हायत म्हणलीस ना? लेकरावाणी ऊब देऊन आणलंय. जिवंताला बर्फात घालतेत व्हय?"

श्रेयानं बाटली हातात घेतली, ती कोमट होती. उबेत ते जीव वाटभर आपला उद्योग करतच राहिले होते. मेंढीच्या पोटात खरं काय चाललं होतं, ते आता त्यातून कळणार नव्हतं. सुदैवानं डॉक्टरांनी त्याच पाण्याचे थोडे थेंब फ्रीजरमध्ये ठेवले होते. ते त्यांनी बर्फात घालून पाठवले. एवढ्याशा थेंबांत भागवणारी मी एकटीच!

मला खणातून काढून धुतलं, काम सुरू झालं आणि गाळूनही राहिलेला चाऱ्याचा एक तंतू माझ्या वाटेत अडकला. जोर लावला असता तर मी फाटले असते आणि थेंबही गेले असते. आत्या रडायलाच लागली. सगळं आपल्याच हातानं घालवलं, म्हणत होती. श्रेयानं दाब कमी केला, हळूच उलटा प्रवाह सोडला. तंतू सुटला. बाई गं, माझा जीव भांड्यात पडला!

मोठ्या यंत्रानं तुकडे ओळखले आणि कळलं: चारा पचवणारे जीव मंदावले होते, आम्ल करणारे माजले होते. आत्याला विचारल्यावर उलगडा झाला, रानात सांडलेला मका मेंढ्यांनी पोट फुगेस्तोवर खाल्ला होता. साथ नव्हतीच. कळप राहिला.

तरी आत्या सारखी माफी मागत होती. श्रेयानं तिचा हात धरला. "चूक माझी, आत्या. बर्फात आण म्हणाले, पण का ते सांगितलंच नाही."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना धुऊन-पुसून ठेवा, अडकलं तर जोर लावू नका. आणि कुणाला काही जपायला सांगाल, तेव्हा ते का जपायचं हेही सांगत जा. आवडाबाईसारखं जीव लावणारं माणूस मग कशालाच कमी पडत नाही.