घासलेल्या बाटल्या

पडद्यावरची रेघ याही वेळी सपाटच गेली.

"मशीन बिघडलंय का, उस्ताद?" वसीलाने विचारलं.

प्राध्यापक बूअलाम यांनी नकारार्थी मान हलवली. बाजारातून आणलेलं शुद्ध संप्रेरक त्यांनी मघाशीच सोडून पाहिलं होतं. रेघ ताडकन उभी राहिली होती. मास स्पेक्ट्रोमीटर ठणठणीत होता. दिसत नव्हतं ते फक्त टोळांच्या रक्तातलं संप्रेरक.

ते रक्त अद्रारच्या वाळवंटातलं होतं. यंदा टोळांचा एकच थवा आला आणि बघता बघता पुढे निघून गेला. भर उन्हात बसून वसीलाने एकेका टोळाच्या मानेतून सुईने थेंब काढले होते. एकटा राहणारा टोळ थव्यात शिरतो तेव्हा हे संप्रेरक किती घटतं, यावर तिचा अख्खा प्रबंध उभा होता.

ते थेंब ज्यांत आणले होते त्यांतली एक बाटली तिने उजेडात धरली. काच लखलखत होती. एवढी लखलखायला नको होती. हे संप्रेरक उघड्या काचेला चिकटून बसतं, म्हणून आतून पातळ मेणचट थर द्यावा लागतो. तो तिने स्वतः दिला होता. अद्रारला निघायच्या घाईत मात्र बाटल्या नीट पाहिल्या नव्हत्या.

"झुबैदा मावशी, मी जायच्या आधी या बाटल्यांना कुणी हात लावला होता?"

प्रयोगशाळेची साफसफाई करणारी झुबैदा अॅप्रनला हात पुसत आली. रमजान जवळ आला की घर, जिना, प्रयोगशाळा, काही म्हणून ती घासल्याशिवाय सोडत नसे.

"मीच घासल्या! आतून नुसत्या चिकट. म्हटलं, पोरगी एवढ्या लांब निघालीय, घाण बाटल्या नेणार? भट्टीत भाजूनही काढल्या. आईने काही शिकवलं नाही वाटतं तुला!" ती हसली. "आभार नकोत. लग्नाला बोलाव."

वसीलाने बाटली रॅकमध्ये परत ठेवली.

"काचेला चिकटलेलं सुटतं का, द्रावकाने खंगाळून बघू," उस्ताद हळूच म्हणाले. त्यांनी खंगाळलं. रेघेवर एक बारीकसा फुगवटा आला, मोजता न येण्याजोगा.

"पुढच्या वर्षी पुन्हा..."

"टोळ आले तर, उस्ताद."

उस्तादांनी मशीन बंद केलं.

"तोंडं का उतरलीत तुमची?" झुबैदाने विचारलं. "नीट निघाल्या नाहीत का?"

"निघाल्या, मावशी. अगदी स्वच्छ."

"मग आण इकडे. याही घासून ठेवते."

तिने ओले हात पुढे केले. बाटल्यांत आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वसीलाने रॅक उचलून तिच्या हातात दिला.