दातांच्या डॉक्टरांची लेन्स

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळा बाजार चिमटाताई म्हणत असे, कारण बोटांनी सहज उचलता येईल अशी वस्तूही त्या चिमट्यानेच उचलत. दुकान केवढं, तर एक काउंटर, एक टेबल, टेबलावर वाकलेला दिवा आणि मागच्या भिंतीला बेसिन. टेबलावरचं पांढरं कापड रोज बदललेलं असे. गिऱ्हाइकाने त्यावर कोपर टेकवलं तरी ताईंच्या कपाळाला आठी पडायची.

त्या कापडावर एका सकाळी दातांच्या डॉक्टरांनी न विचारता एक लेन्स ठेवली.

डॉक्टर ओळखीचेच होते. पलीकडच्या गल्लीत त्यांचा दवाखाना, आणि ताईंच्या सासऱ्यांची नवी कवळी तेच बसवत होते. पांढरा कोट कडक इस्त्रीचा, भांग सरळ, अंगाला लवंगेच्या तेलाचा वास.

"बाबांना आज साडेचारला पाठवताय ना, ताई? कवळी टोचते म्हणत होते. आणि त्याआधी एवढं बघा. पुढचा फिल्टर निघतच नाही. मी पकड लावूनसुद्धा पाहिली."

"पकड लावली?" ताईंनी लेन्स दिव्याखाली धरली. फिल्टरच्या कड्याला दोन ठिकाणी दातरे पडले होते. "डॉक्टर, हे काही दाढ उपटणं नाही. असं आवळलं की कडं लंबगोल होतं आणि आट्यांत आणखीच घट्ट बसतं."

"मग तुम्हीच उपटा," डॉक्टर हसले. "पेशंटच्या दातांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढतो मी. हल्ली प्रत्येक फोटोत डाग येतो. परवा एक बाई रडायलाच लागल्या, त्यांना वाटलं दात किडला."

ताईही हसल्या. मग त्यांना कड्याभोवतीचा पिवळट थर दिसला. "हे काय साचलंय?"

"प्लास्टर असेल. दातांचं माप घेताना उडतं थोडंफार," असं म्हणत डॉक्टर निघूनही गेले.

अडकलेला फिल्टर काढायची ताईंची एक ठरलेली रीत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा फिल्टरवर सपाट पसरायचा, त्यावर तळहात हलकेच टेकवायचा आणि सगळीकडून सारखा दाब देत फिरवायचा. दहातले नऊ फिल्टर एवढ्यावर सुटत. हा जागचा हलला नाही. खाली घसरून काही आत जाऊ नये म्हणून त्यांनी लेन्स उलटी धरली आणि सुईने तो थर खरवडायला घेतला.

प्लास्टर असतं तर भुगा पडला असता. हे चिवट होतं. सुईच्या टोकाला सालपट लोंबकळू लागलं. ताईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कड्याभोवती फिरवला, तसा थर मऊ झाला, बुळबुळीत झाला, आणि त्याला वास सुटला.

तो वास ओळखायला त्यांना क्षणभर लागला. सकाळी उठल्याउठल्या दात न घासता कुणी तोंडाजवळ येऊन बोलावं, तसा वास. एकाचा नव्हे, शेकडो तोंडांचा, वाळून एकजीव झालेला.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. तिथेच चूक झाली. दात कोरायचं यंत्र तोंडात फिरताना जे काही उडत असेल ते सगळं तिथे होतं. थुंकीचे थरावर थर, त्यांत विटकरी ठिपके, आणि आट्यात रुतून बसलेली एक पिवळी, कडक खपली. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ताईंवर त्या दिवशी साऱ्या गावाचे दात कोरायची वेळ आली आणि पोट भरायचं सोडाच, होतं तेही वर आलं. त्या बेसिनकडे धावल्या. दोन कोरड्या ओकाऱ्या आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. चेहरा धुतला, हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले.

लेन्स तशीच परत करावी असं मनात आलं. पण फिल्टरपुढे हात टेकले असं त्यांच्याबाबतीत कधी झालं नव्हतं. त्यांनी हातमोजे चढवले, नाकाला रुमाल बांधला आणि श्वास रोखून एकेक आटा साफ केला. काढलेली घाण चिमट्याने एका कागदावर ठेवत गेल्या. शेवटी रबर पसरून तळहात टेकवला. कच्चकन आवाज झाला आणि फिल्टर फिरला. आतली लेन्सची काच नवी कोरी होती. सगळं वरच्यावर झेललं होतं बिचाऱ्या फिल्टरने.

दुपारी डॉक्टर आले. "निघाला? वा!" त्यांनी फिल्टर उचलला, तोंडाजवळ नेऊन त्यावर 'हाऽ' करून वाफ सोडली आणि खिशातल्या रुमालाने पुसला. आत येताना त्यांनी त्याच रुमालाने नाक पुसलेलं ताईंनी पाहिलं होतं.

"डॉक्टर, एक विचारू? फोटो कोण काढतं?"

"मीच. एका हातात आरसा, एका हातात कॅमेरा."

"आणि मग?"

"मग काय, कामाला लागतो."

"हातमोजे बदलून?"

"मोजे घातलेलेच असतात की, ताई."

"घातलेले असतात, पण त्याच मोज्यांनी तुम्ही कॅमेरा धरता." ताईंनी तो कागद उघडून पुढे सरकवला. "आणि कॅमेऱ्यावर हे होतं."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. त्यांचं नाक आक्रसलं. ते दोन पावलं मागे सरले. "शी! काय आहे हे? झाका ते आधी!"

"मला काय विचारता? तुमच्याच दवाखान्यातून आलंय. प्लास्टर."

डॉक्टरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. लेन्स पिशवीत टाकून ते निघून गेले. ताईंनी पांढरं कापड कागदासकट गुंडाळलं आणि थेट कचऱ्यात टाकलं.

घरी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार बसले होते. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "बाबा, तिथे जायचं नाही. दुसरा डॉक्टर शोधू."

"मला माहीत आहे ते," सासरे शांतपणे म्हणाले. "मागच्या खेपेला त्याने कान खाजवला आणि तेच बोट माझ्या तोंडात घातलं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तोंडात बोट असताना बोलू कसा?"

"बाबा!"

"अगं, हात हलका आहे त्याचा. आधीचा डॉक्टर आठवतो ना? दवाखाना आरशासारखा चकचकीत, आणि मला लहान पोरासारखं रडवलं त्याने. हा दुखलं का म्हणून विचारतो. नाहीतर या वयात कोण विचारतंय?"

"मग मी बरोबर येते," ताई म्हणाल्या.

दवाखान्यात त्या बाकावर बसल्या नाहीत. स्टूल ओढून खुर्चीच्या अगदी जवळ बसल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे न पाहता फोटो काढला, कॅमेरा ट्रेमध्ये ठेवला आणि हात बाबांच्या तोंडाकडे नेला. ताई नुसत्या खाकरल्या. हात मध्येच थांबला. डॉक्टरांनी मोजे काढले, हात धुतले, नवे मोजे घातले. अर्ध्या तासात तीनदा खाकरावं लागलं. चौथ्यांदा लागलं नाही. बाबा मात्र डोळे मिटून निवांत पडले होते, आणि डॉक्टर खरोखरच दर मिनिटाला विचारत होते, "दुखतंय का, बाबा?"

ताईंना मात्र आता सगळंच दिसत होतं. चूळ टाकायच्या भांड्याची कड, दिव्याच्या मुठीवरचे बोटांचे ठसे. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

बाहेर आल्यावर बाबांनी कवळीवरून जीभ फिरवली. "झकास बसली! चल, काहीतरी कडक खाऊया."

कोपऱ्यावरच्या बेकरीत त्यांनी बिस्किटं मागितली. बेकरीवाल्याने कागदी पिशवी उघडायला अंगठा जिभेवर टेकवला. ताईंनी मान फिरवली.

बाबांनी रस्त्यातच एक बिस्किट कडाकडा चावलं आणि पिशवी पुढे केली. "घे की. गरम आहेत."

"तुम्हीच खा, बाबा," ताई म्हणाल्या, आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी हात अंगापासून लांब धरले होते.